परब, मागच्या दाराबद्दल

परब, मागच्या आठवड्यात ऑफिसात तुझी शोकसभा झाली. मरोळला, आपल्याच पाचव्या मजल्यावर, तुझं टेबल होतं त्याच्या जरा पलीकडे. साहेब बोलले. भाषणात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि इतकं खोटं भाषण मी आयुष्यात ऐकलेलं नाही. परब मेहनती होते. परब शांत होते. परबांनी कंपनीला एकतीस वर्षं दिली. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले, त्यात कुणाचा तरी मोबाइल वाजला, आणि मग वडा आणि चहा. तू असतास तर वडा तळहातावर तोलून म्हणाला असतास, "पंचावन्न ग्रॅम. बटाटा कमी केला रे यांनी."

मीही बोलायला उठले होते. "परब माझे गुरू होते," एवढंच म्हणून खाली बसले. मला भरून आलं असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. भरूनबिरून काही आलं नव्हतं. पुढचं वाक्य खरं बोलावं लागलं असतं आणि तेवढी हिंमत नव्हती, इतकंच. आणि तुला जन्मात कधी अहोजाहो केलं नाही, ते त्या दिवशी केलं. त्याचीही लाज वाटतेय.

मी आले तेव्हा तुझ्या हाताखाली दिलं मला. माझ्याकडे मोठ्या कॉलेजची डिग्री, तुझ्याकडे डिप्लोमा आणि गिरणी कामगाराच्या घरातलं शहाणपण. पहिल्याच दिवशी तू माझ्या हातात एक सीट कव्हरचा तुकडा दिलास आणि विचारलंस, "किती?" मला वाटलं, किंमत विचारतोयस. तू म्हणालास, "वजन विचारतोय गं. अंदाजे सांग." मी काहीतरी ठोकून दिलं. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी परत विचारलंस. महिनाभरात माझा हात बसला.

वजन हे तुझं खातं होतं. नवीन गाडी करायची, छोटी, उंच बसणारी, पेट्रोल कमी पिणारी, इथे आणि परदेशात एकाच वेळी विकायची, असं वरून ठरलं होतं. कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर. तू पहिल्या मीटिंगमध्ये मला कानात म्हणालास, "म्हणजे ना धड घोडी ना धड गाढवी." पण चित्र भिंतीवर लागलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ तूच त्याच्यासमोर उभा होतास. पेट्रोल कमी प्यायचं तर गाडी हलकी हवी, आणि हलकी करायची जबाबदारी तुझी. तूच तिचं नाव ठेवलंस चिमणी. चिमणीएवढं खाणार म्हणून. बाजारात तिचं नाव इटालियन वाटेल असं काहीतरी ठेवलं. आपल्या मजल्यावर ती शेवटपर्यंत चिमणीच होती.

सहा वर्षं आपण ग्रॅम ग्रॅम काढले, परब. सीटखालच्या पट्टीला भोकं पाडली. डॅशबोर्डच्या आतल्या न दिसणाऱ्या फासळ्या पातळ केल्या. तू पुरवठादारांच्या मागे असा लागायचास की ते तुला बघून चहा मागवायचे आणि वैतागायचे. पण काय काढायचं आणि काय राहू द्यायचं, हे तुला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. ब्रेकच्या एका कडीवरचे चाळीस ग्रॅम मी मोठ्या हुशारीने काढून दाखवले, तर तू कागद परत दिलास. "हे नको." का, विचारलं. "माझा हात नाही धजत." मी चिडले होते. हात धजत नाही हे काय इंजिनिअरिंगचं कारण आहे? सहा महिन्यांनी दुसऱ्या एका गाडीची तशीच कडी चाचणीत मोडली. तू मला त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. साला, बोलला असतास तर बरं झालं असतं.

पहिली धावती चिमणी घेऊन आपण दोघं घोडबंदरला गेलो तो दिवस आठवतो? गाडीवर तो वेडावाकडा काळा-पांढरा कागद चिकटवलेला, लोक वळून वळून बघत होते. गायमुखच्या चढावर तू गाडी चालवत होतास आणि डाव्या हाताने दार थोपटत होतास, घोड्याची मान थोपटावी तसा. "झकास चढतेय गं," म्हणालास. "बघ, हूं की चूं नाही." परत येताना मुलुंडला तुझ्या घरी थांबलो. तुझी आई इमारतीच्या दारात येऊन त्या कागद चिकटवलेल्या गाडीकडे बघत म्हणाली, "ह्या रे काय? गाडयेक देवी इल्यो काय?" तू इतका हसलास की तुला पायरीवर बसावं लागलं. आणि मला म्हणाली, "बाय गो, जेवल्याशिवाय जाव नको." तेव्हापासून दर गणपतीला मी तुमच्याकडे जेवत आले. माझ्या बोरिवलीच्या घरी तू दोनदाच आलास. तुम्हा लोकांकडे जेवण फार मोजून वाढतात, असं म्हणायचास. तेही खरंच होतं.

आता त्या दाराचं सांगते. इतकी वर्षं आपण दोघं त्याच्या बाजूबाजूने चालत आलो.

चाचणीत गाडीच्या वजनाचे टप्पे असतात. टप्प्याच्या खाली बसली तर मायलेज चांगलं दिसतं, जराशी वर गेली की आकडा पडतो. आपली चिमणी तीन किलोंनी वर राहिली. जाहिरात तयार, आकडा ठरलेला, परदेशातला समारंभ ठरलेला, आणि तीन किलो जात नव्हते. तेव्हा साहेबांनीच शोधून काढलं. मागच्या दोन्ही दारांत, पत्र्याआड, एकेक आडवी पोलादी नळी होती. बाजूने कुणी येऊन आदळलं तर दार आत घुसण्याआधी अडवणारी. परदेशी जाणाऱ्या गाडीत ती ठेवायची, कारण तिकडे बाजूने धडक देऊन बघतात. इथल्या गाडीत तिच्याऐवजी पातळ पत्र्याची पट्टी. इथल्या नियमात बसत होतं. तीन किलोही बसत होते.

तू सरळ नाही म्हणालास. आवाज न चढवता. "सर, मागे पोरं बसतात."

साहेब म्हणाले, "परब, नियमात आहे."

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतोय."

"मग?"

"मी सही नाही करणार."

त्या दिवशी लिफ्टजवळ आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, तू सहा वर्षं वजनच काढत आलास, मग नेमकं इथेच सोवळं का? तू म्हणालास, नियम म्हणजे कमीत कमी किती, एवढंच सांगतो. मी म्हणाले, तसं धरलं तर प्रत्येक गाडीचा रणगाडा करावा लागेल आणि तो कुणाला परवडणार नाही. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. तू म्हणालास, "मी माझ्या इराला बसवेन का, एवढंच बघतो." मी म्हणाले, हे इंजिनिअरिंग नाही. तू म्हणालास, "नसेल." आणि जिन्याने उतरून गेलास.

परब, मला अजूनही वाटतं की माझ्या बोलण्यात काहीतरी खरं होतं. आणि तू थांबून भांडायला हवं होतंस. तू नेहमी असा जिन्याने उतरून गेलास, आणि मग समोरच्याला आपणच जिंकलो असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तू एक पानभर लिहून आणलंस. मागच्या दारातली नळी काढू नये, याची कारणं. खाली सही केलीस आणि कागद माझ्यापुढे सरकवलास. "तूही कर. दोघांची असली तर त्यांना फेकून देता येणार नाही." मी वाचला. चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, एकदा आकडे तपासते, मग करते. तू म्हणालास, "कर सावकाश. मी गावाला जातोय." तुझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं.

तू गावाला होतास त्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. दार लोटून घेतलं. म्हणाले, परब भावनेच्या भरात आहेत, माणूस चांगला आहे, पण आता जबाबदारी तरुणांनी घ्यायला हवी. वजनाच्या तक्त्यावर खातेप्रमुखाची सही लागते, ते रजेवर आहेत, तुम्ही त्यांच्या जागी करू शकता. आणि समारंभात गाडीबद्दल बोलायला कुणीतरी इंग्रजी नीट बोलणारं हवंय, मी तुमचं नाव सुचवतोय. मला त्यांनी धमकी दिली नाही, परब. नोकरी जाईल असं कुणी म्हणालं नाही. दिलेलं पेन बरं चालत होतं. मी सही केली. जेवायच्या सुट्टीआधी केली आणि नंतर जाऊन जेवलेसुद्धा.

तुझा कागद माझ्या खणात होता. तो मी साहेबांना दिला. त्यांनी मागितलाही नव्हता. हे तुला कधीच कळलं नसावं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता वाटतं, कळलंच असणार.

तू परत आलास तेव्हा तुझं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. कांजूरमार्गला सुट्या भागांचं गोदाम, तिथलं ऑफिस. कागदावर ती बढती होती. तू खोक्यात तुझा तो छोटा वजनकाटा ठेवलास, इराचा फोटो ठेवलास, आणि माझ्याजवळ येऊन म्हणालास, "गावचे आंबे आहेत. पेटी तुझ्या गाडीजवळ ठेवलीय." मी थँक्यू म्हणाले. थँक्यू!

मग समारंभ. युरोपातल्या त्या शहरात एवढा मोठा पडदा, पडद्यावर आपली चिमणी बर्फातून, वाळूतून, समुद्राकाठून धावतेय. साहेब बोलले, मी बोलले. हलकेपणा हे आमचं तत्त्वज्ञान आहे, असलं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या. पंधरा देशांतले पत्रकार गाडीची दारं उघडून बंद करून बघत होते आणि त्या दारांचा तो भरीव आवाज येत होता. ती त्यांच्या देशात जाणारी गाडी होती. नळीवाली.

दुपारी मी तुला फोन केला. का केला, मला अजून कळलेलं नाही. शिव्या खायला केला असावा. तू म्हणालास, "साडी नेसलीस काय?"

"हो."

"कुठली?"

"ती निळी, पैठणी काठाची."

"छान. आणि चिमणी? लोकांना आवडली?"

"आवडली."

"मग झालं तर." आणि वर म्हणालास, "थंडी असेल तिकडे. काळजी घे गं."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत तोंड धुऊन फोटोला उभी राहिले. सात वर्षं झाली त्याला. त्या फोटोत मी छान दिसते.

नंतरची सात वर्षं तू मला कधीही काही विचारलं नाहीस. गणपतीत बोलवायचास. ऑफिसातलं काही अडलं तर फोनवर सांगायचास. मी तुझ्याच खात्याची प्रमुख झाले तेव्हा अभिनंदनाचा पहिला फोन तुझा. मला तुझा राग यायचा, परब. खरंच सांगते. तू एकदा जरी शिवी घातली असतीस तर मी माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. तू ती सोय ठेवली नाहीस. आणि तूही गप्पच बसलास ना? तुझा कागद कुणाच्या खणात गेला हे तुला माहीत होतं, तर दुसरा लिहायचा होतास. बाहेर न्यायचा होतास. दरमहा पगार तूही घेत होतास, मीही घेत होते, आणि गाड्या रस्त्यावर जात होत्या.

आता या वर्षी चिमणीचं नवीन रूप येतंय, पुन्हा जगभर. त्यात मागच्या दारात नळी आहे. सगळ्या गाड्यांत, इथल्यासुद्धा. स्पर्धेतल्या गाड्यांनी आधी दिली म्हणून आपण दिली. जाहिरातीत लिहिणार आहेत, तुमच्या मुलांसाठी. तुझ्या शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी ती जाहिरात मला मंजुरीला आली. मी मंजूर केली. चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

तू गेल्याचं मला रविवारी कळलं. मुलुंडच्या बाजारात मासे घ्यायला गेलास आणि कोळणीशी बोलता बोलता खाली बसलास, असं इराने फोनवर सांगितलं. बाकी काही मी विचारलं नाही. स्मशानात लांब उभी राहिले. तेराव्यानंतरच्या शनिवारी दुपारी तुझ्या घरी गेले. तुझी स्मिता आणि इरा दोघीच होत्या. स्मिताने चहा केला, बिस्किटं ठेवली, आणि समोर बसली.

"मेधा, एक विचारू? तू तरी खरं सांग."

"विचार ना."

"याचं नेमकं काय चुकलं होतं गं तेव्हा?"

मला समजलंच नाही. "कधी?"

"कांजूरला पाठवलं तेव्हा. हा म्हणाला, माझं वजनाचं गणित चुकलं, कंपनीचं नुकसान झालं, म्हणून हलवलं. पुढे काही विचारलं तर उठून जायचा. तू तर तिथेच होतीस."

परब, तू घरी असं सांगितलं होतंस?

स्मिता बोलत राहिली. "मी सात वर्षं ऐकवलं त्याला. जरा काही झालं की. मीठ जास्त पडलं म्हणाला तर मी म्हणायची, तुझं माप नको सांगूस, तुझं माप चुकलं म्हणून तर इथे बसलायस. भावासमोर बोलले, त्याच्या बहिणीसमोर बोलले. तो हसायचा नुसता."

इरा दाराला टेकून उभी होती. तेवीस वर्षांची झाली, तुझ्यासारखीच मान किंचित वाकडी करून बघते. माझ्या लक्षात आलं की तू खरं सांगितलं असतंस तर पुढचा प्रश्न आला असता: मग सही कुणी केली? आणि मी दर गणपतीला तुमच्या घरी पानावर बसत होते. तेवढ्यासाठी तू स्वतःच्या बायकोसमोर अडाणी ठरलास. कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं का हे?

मी सांगितलं. सगळं. नळी, तुझा कागद, तुझी रजा, माझी सही, खण. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्मिता मध्येच उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा तोंड पुसलेलं होतं.

"तो मला म्हणायचा, मेधाच्या पानात अजून वाढ. घरी तिला कुणी आग्रह करत नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी आता त्याला काय सांगू? सॉरी कुठे जाऊन म्हणू?" तिचा आवाज चढला नाही. तुझ्याकडूनच शिकली असेल. "तू जा आता. परत येऊ नको असं म्हणत नाही. पण आता जा."

इरा लिफ्टपर्यंत आली. मला वाटलं, काहीतरी बोचरं बोलेल. ती म्हणाली, "मावशी, महेशमामाकडे तीच गाडी आहे. पहिल्या वर्षीची."

महेश म्हणजे स्मिताचा धाकटा भाऊ, चारकोपला राहतो, हे मला माहीत होतं. गाडीचं माहीत नव्हतं.

"मामाने घेतली तेव्हा बाबा आम्हाला मागे दाराशी बसूच द्यायचे नाहीत. मला मध्ये बसवायचे. मामाच्या मुलींना पुढे आईच्या मांडीवर. मग सगळे चिडायचे. बाबा म्हणायचे, मला खिडकी हवी. नंतर ते बंद झालं. मला वाटलं, कंटाळले." तिने लिफ्टचं बटण दाबलं. "मामाच्या दोन्ही मुली रोज मागे बसून शाळेत जातात. उद्या चला माझ्याबरोबर. तुमच्या तोंडाने सांगा त्याला."

गेले. रविवारी सकाळी अकराला, चारकोपच्या सेक्टरमधल्या त्या बैठ्या चाळवजा सोसायटीच्या दारात चिमणी उभी होती. पांढरी. महेश बादली घेऊन टायर धूत होता. इराने ओळख करून दिली तसा तो हात पुसत उठला. "अरे, म्हणजे ही तुम्हीच बनवली! मॅडम, मायलेज एक नंबर देते हां. सात वर्षांत एकदा रडली नाही."

मी त्याला सांगितलं. उभ्या उभ्या, बादलीशेजारी. मागच्या दारात जी नळी असायला हवी ती या गाडीत नाही, आणि ती नाही याला माझी सही आहे. तो ऐकत होता. मग त्याच्या कपाळावर आठी आली.

"पण मागची दारं तर भावोजींनी बदलून दिली ना."

"कुणी?"

"भावोजींनी. तीन-चार वर्षं झाली. म्हणाले, आतून गंज धरलाय, कंपनीकडून बदलून मिळतील. स्वतः टेम्पोतून घेऊन आले. त्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दिवसभर उभं राहून बसवून घेतली. मला तर कुठे गंज दिसला नव्हता. पण ते म्हणाले, म्हटलं घ्या बदलून."

मी मागचं दार उघडलं. कडेला भागाच्या नंबराची पट्टी असते, ती तू माझ्याकडून घोकून घेतली होतीस. शेवटचं अक्षर निर्यातीचं होतं. दुसऱ्या बाजूला गेले. तेच. कांजूरच्या गोदामात बसून परदेशी जाणारी दोन दारं तू कशी मिळवलीस, कुणाला काय सांगितलंस, मला ठाऊक नाही. इरा सीटच्या कडेवर बसली आणि दाराच्या आतल्या बाजूवर तिने हात ठेवला, आणि तिथेच डोकं टेकून रडायला लागली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, असं महेश नंतर म्हणाला.

मला रडू आलं नाही. मला तुझा भयंकर राग आला. दोन दारं, परब? एवढं सगळं गिळून, घरी मान खाली घालून, शेवटी तू आपल्या माणसांपुरती दोन दारं बदललीस? बाकीच्या गाड्यांत काय चिमण्या बसतात? आणि लगेच लक्षात आलं की मी एकही बदललं नव्हतं. माझ्या मावसभावाकडे हीच गाडी आहे, पुण्याला. त्याने मला विचारून घेतली. मी म्हणाले होते, डोळे मिटून घे.

काल त्याला फोन केला. दारं बदलायला हवीत म्हणून सांगितलं. तो विचारत राहिला, का. सांगितलं. नंतर एक पान लिहून काढलं, तुझ्यासारखं कारणं देऊन. आतापर्यंत विकलेल्या सगळ्या इथल्या गाड्यांच्या मालकांना कळवावं आणि मागची दारं बदलून द्यावीत, एवढंच आहे त्यात. तुझा कागद आठवेल तेवढा उतरवला, खाली माझी सही केली. उद्या देईन. साहेब वाचतील, नियमात होतं म्हणतील, आणि कदाचित माझंही टेबल रिकामं होईल. माझ्या हाताखालच्या दोघांना विचारलं, तुम्हीही सही कराल का. दोघं म्हणाले, मॅडम, एकदा आकडे तपासतो.

चारकोपहून निघताना महेशने हट्टच धरला, मॅडमना बोरिवलीला सोडतो. मी मागे बसले. गाडी लिंक रोडला लागली. मग त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे बाकीच्यांच्या गाड्यांना ते नाहीये?"

"नाही."

"आणि त्यांना माहीत आहे?"

"नाही."

सिग्नलला आमच्या डाव्या बाजूला अगदी तीच गाडी येऊन थांबली, लाल. मागे एक म्हातारी आणि तिच्याशेजारी काचेला नाक लावून बसलेली एक मुलगी. मुलीने मला हात केला. महेश तिकडे बघत होता, माझ्याकडे बघत होता. "मॅडम," तो म्हणाला, "काच खाली करू?"

सिग्नल सुटला. मी अजून तोंड उघडत होते.